पबमध्ये इतिहासाचं व्याख्यान : चालेल की नाही?

मुंढवेकर
आमच्या मुंढव्यातल्या एका पबने मधल्या वारी संध्याकाळी इतिहासावर मोफत व्याख्यानं सुरू केलीत. तिकीट नाही, नावनोंदणी नाही. बिअर घ्या, नाहीतर लिंबूसोडा घेऊन बसा. परवा पानिपत होतं आणि लगेच सोसायटीच्या ग्रुपवर जुंपली, ‘पानिपतावर चखणा खात बोलायचं का?’ माझं उत्तर, खुशाल बोलायचं. खराडी-मुंढव्याचा माणूस कामावरून सुटून सदाशिव पेठेत पार्किंग शोधेपर्यंत तिकडे आभारप्रदर्शन चालू झालेलं असतं.

परवाचंच सांगतो. सावकारी पत्रातलं ते प्रसिद्ध वाक्य आलं, दोन मोती गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मग मागच्या टेबलावरून गोदामाचं काम बघणाऱ्या एका पोराने विचारलं, ‘पण एवढ्या लोकांना रोज धान्य कुठून यायचं?’ तिथून पुढे नुसती रसद! गंगा-यमुनेच्या दुआबातून धान्य आणि पैसा जमवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले, छावणीत उपासमार झाली आणि १४ जानेवारी १७६१ ला उपाशीपोटी बाहेर पडावं लागलं. शाळेत आमचं पानिपत म्हणजे ‘बचेंगे तो और भी लढेंगे’. ते तर दत्ताजींचं, वर्षभर आधीचं, बुराडी घाटावरचं.

पेठेतलाकट्टर
वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली. भारत इतिहास संशोधक मंडळ राजवाड्यांनी १९१० मध्ये काढलं. मंडळाच्या सभेला जाऊन बसा, दारात कोणी पैसे मागत नाही. तेव्हा ‘मोफत’चं कौतुक आम्हाला नको. वक्ता फुकट बोलतो, तुम्ही फुकट ऐकता आणि पबवाला रिकाम्या वारी टेबलं भरून घेतो. मानधन दिलं का, ते विचारा आधी.

मुंढवेकर
विचारलं. जेवण आणि रिक्षाभाडं. कमी आहे, कबूल. पण पेठेत शाल-नारळ देतात त्यात रिक्षाभाडंही सुटत नाही.

मोडीवाली
मी होते परवा. पिणाऱ्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही, उलट शेजारच्या टेबलावरचे दोघं बिअर घेत शेवटपर्यंत नीट ऐकत होते. पण धागाकर्त्याने अर्धीच गोष्ट सांगितली.

वक्त्याने पडद्यावर एका मोडी पत्राचा फोटो लावला. बाजूच्या मोठ्या टीव्हीवर मॅच, आवाज बंद. तो बिचारा मायना वाचतोय, तेवढ्यात विकेट पडली आणि अर्ध्या लोकांनी टाळ्या पिटल्या. त्याला वाटलं आपल्यालाच. हसला, मान तुकवली. मग कळल्यावर पत्र तिथेच सोडलं आणि किस्से सांगत सुटला. रसदीचा प्रश्न उत्तम होता, त्याबद्दल वाद नाही. पण पुढे त्याने पानिपतात मेलेल्यांचा जो गोळाबेरीज आकडा फेकला, तो कुठल्या कागदात आहे हे एकानेही विचारलं नाही. मंडळात एखादे आजोबा उठून ‘आधार काय? कुठला खंड, कुठलं पान?’ म्हणून वक्त्याचा घाम काढतात. वैताग येतो त्यांचा, पण तो आजोबा सभेत लागतोच. पबमध्ये तो येणार नाही, आणि आला तरी त्याचा आवाज कोणाला ऐकू जाणार?

चहाबाज
आजोबांचं सोडा, नातवंडांचं काय? महाराष्ट्रात बिअरला वयाची अट २१, कडक दारूला २५. माझी भाची फर्ग्युसनला इतिहास घेऊन शिकते, वय १९. तिला दारातल्या बाउन्सरने आधार कार्ड बघून परत पाठवलं. तरुणांसाठी म्हणून गाजावाजा करायचा आणि कॉलेजची पोरं बाहेर! बरं, २ ऑक्टोबरला गांधींवर व्याख्यान ठेवून दाखवा. ड्राय डे.

विलायतीपाहुणा
इंग्लंडमध्ये २०१३ साली लंडन, ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या पबांतून शास्त्रज्ञांची भाषणं सुरू झाली, पाइंट ऑफ सायन्स नावाने. पुढे ते अनेक देशांत गेलं. पण तिकडचा पब म्हणजे गल्लीतली बैठकीची जागा, रविवारी दुपारी लोक पोराबाळांसकट जेवायला येतात. आपल्याकडे दारात बाउन्सर आणि आत काळोख. नाव तेच, जागा वेगळी. नक्कल करायचीच तर आधी दिवे लावा.

पेठेतलाकट्टर
मग अमृततुल्यात करा की.

चहाबाज
अमृततुल्यात उभं राहून किती वेळ पानिपत ऐकणार?

काठावरचा
मला वेगळीच भीती आहे. वक्ता रंगात येऊन एखादी शाब्दिक कोटी करणार, मागे दारूच्या बाटल्यांची मांडणी, त्याचा तीस सेकंदांचा रील सकाळपर्यंत गावभर. ५ जानेवारी २००४ ला जेम्स लेनच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकावरून भांडारकर संस्थेत काय मोडतोड झाली ते पुण्याने पाहिलंय. तिथे तर ग्लाससुद्धा नव्हता.

मुंढवेकर
ग्लास नसतानाही झालं, म्हणजे दोष ग्लासाचा नाही, तुम्हीच सांगितलंत. रीलच्या धाकाने बोलायचं नाही म्हटलं तर हॉलही बंद करावे लागतील, मोबाइल तिथेही असतात.

मोडीवालींचं टीव्हीचं म्हणणं मात्र मालकाला कळवलं. मॅचच्या दिवशी टीव्ही बंद करायला तो तयार नाही, धंद्याचा प्रश्न आहे म्हणाला. म्हणून पुढचं व्याख्यान मॅच नसलेल्या दिवशी घेतोय. विषय १८९७ ची प्लेगची साथ आणि प्लेग अधिकारी रँडचा वध. २१ च्या आतल्यांसाठी गच्चीवरचा खाण्याचा भाग मागितलाय, तिथे दारू देत नाहीत. अजून हो म्हणालेला नाही.

चहाबाज
हो म्हणाला की सांगा. भाचीला तोवर काही बोलत नाही.

मोडीवाली
टीव्ही बंद असेल तर मी येते. संदर्भांची यादी छापून प्रत्येक टेबलावर ठेवा, मेनूकार्डाशेजारी. आणि रँड चापेकरांच्या गोळीने जागच्या जागी मेला असं वक्ता म्हणाला, तर मी हात वर करणार. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर जागीच गेला तो दुसरा इंग्रज अधिकारी आयर्स्ट, रँड जुलैपर्यंत जगला.

पेठेतलाकट्टर
मी येणार नाही. यादी तेवढी इथे टाका.