पुढच्या ब्रेक डिस्कवर चिरा दिसतायत, चालवायची का बदलायची?

चाकं_चार
नमस्कार मंडळी. कारचे पुढचे ब्रेक पॅड बदलायला म्हणून चाक काढलं आणि डिस्क बघून डोकंच फिरलं. पॅड घासतो त्या सगळ्या पट्ट्यावर बारीक बारीक चिरा, चिखल सुकल्यावर जमिनीला पडतात ना तशा, आणि त्यातल्या दोन-तीन जरा लांब आहेत, हबकडून (चाकाच्या मधल्या भागाकडून) बाहेरच्या कडेकडे जाणाऱ्या. एक मेकॅनिक म्हणाला बिडाची डिस्क आहे, तापून असं होतंच, बिनधास्त चालव. दुसरा म्हणाला आजच्या आज काढ. आता यातलं खरं कोणाचं? ब्रेक मारला तर पेडल थरथरत नाही, आवाज नाही, गाडी एका बाजूला ओढत नाही. व्हेंटिलेटेड डिस्क आहे (मधे हवा खेळायला पोकळी असलेली), भोकंबिकं पाडलेली नाहीत. व्हर्नियरने जाडी मोजली तर 24.1 मिमी आली आणि डिस्कवर मिनिमम 22 कोरलंय, म्हणजे माल शिल्लक असताना उगाच बदलायची का हा प्रश्न आहे.

बिडाचा_माणूस
दोघंही अर्धे बरोबर आहेत रे. त्या चिखलासारख्या चिरा म्हणजे हीट चेकिंग. ब्रेक मारला की वरचा थर झटक्यात तापतो, त्याला फुगायचं असतं पण आतलं बीड अजून थंड असल्यामुळे ते फुगू देत नाही, मग वरचा थर दाबला जाऊन कायमचा चेपतो. थंड होताना तोच थर आकसतो आणि आता उलटी ओढ बसते. बीड दाब बराच सोसतं पण ओढ सोसत नाही, म्हणून फाटतं. ही ओढ गोलाईच्या दिशेने जास्त असते म्हणून लांब चिरा नेहमी केंद्राकडून कडेकडे धावतात. प्रत्येक जोराच्या ब्रेकला हेच चक्र, चीर थोडी थोडी पुढे.

त्यामुळे किती चिरा आहेत ते मोजत बसू नको, लांब चीर संपते कुठे ते बघ. पट्ट्याच्या मधेच विरत असेल आणि नख अडकत नसेल तर ठीक, लक्ष ठेव. बाहेरच्या किंवा आतल्या कडेला भिडली असेल तर डिस्क बाद, मग जाडी कितीही असो. काही मोठ्या ट्रकच्या डिस्कला मॅन्युअल थोडी सूट देतं, म्हणजे चीर 1.5 मिमीपेक्षा कमी रुंद-खोल आणि पट्ट्याच्या रुंदीच्या पाऊण भागाच्या आत असली तर चालते. पण तो आकडा कारला लावायचा नाही, ती डिस्क केवढी जाड आणि आपली केवढी! मधल्या पोकळीतल्या पाकळीला (दोन्ही बाजू जोडणाऱ्या भिंतीला) तडा असेल तर ट्रकलाही सूट नाही.

आणि एक विचारतो, आतली बाजू बघितलीस का? सगळे बाहेरचं बघून मोकळे होतात. टॉर्च आणि छोटा आरसा घे, आणि टोपीसारखा उंच भाग जिथे पट्ट्याला मिळतो तो कोपराही बघ, तिथे चीर दिसली तर पुढे विचारच करायचा नाही.

नटबोल्ट
लेथवर अर्धा-पाऊण मिमी स्किम मारून घे, म्हणजे वरचा थर कापून घे, चिरा जातील. आपण तर नेहमी तेच करतो.

बिडाचा_माणूस
वरच्या जाळीदार चिरा जातील, खोल चिरेचं मूळ तिथेच राहणार. वर डिस्क पातळ झाली म्हणजे उष्णता साठवायला माल कमी, म्हणजे पुढच्या वेळी अजून तापणार. निळे डाग पडलेले असतील तर तेही लेथने नीट जात नाहीत, तिथलं बीड तापून टणक झालेलं असतं आणि ते खोलपर्यंत असतं, थोड्या दिवसांत थरथर परत सुरू. आणि आता कोणीतरी वेल्डिंग सुचवायच्या आधीच सांगतो, नको.

मायक्रॉन
24.1 वर माझा विश्वास नाही. मिनिमम 22 वाली डिस्क नवी असताना बहुतेक 24 असते, म्हणजे तुझी वापरून वापरून जाड झाली? व्हर्नियरचा जबडा कडेच्या ओठावर बसलाय. पॅड जिथे घासत नाही तिथे कडेला न झिजलेला आणि गंजलेला काठ उरतो, तू तो मोजलास. मायक्रोमीटर नसेल तर दोन्ही बाजूंना एकेक सारखं नाणं ठेव, वरून व्हर्नियर लाव आणि नाण्यांची जाडी वजा कर. गोलावर सात-आठ जागी घे, सगळ्यात कमी आकडा तो खरा.

चिरेसाठी डाय पेनिट्रंटचा (चिरेत शिरून ती दाखवणाऱ्या लाल रंगाचा) डबा आण. डिस्क गाडीवरून उतरवून मगच मार, ते तेलकट असतं, पॅडला लागलं तर पॅड वाया. आधी ब्रेक क्लीनरने स्वच्छ धू, पण पॉलिश पेपर घासू नको, घासल्याने धातू पसरून चिरेचं तोंड बुजतं आणि मग लाल रंग आत शिरतच नाही. रंग मार, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ थांब, वरचा रंग फडक्याने पूस, थेट क्लीनरची धार मारलीस तर चिरेतलाही धुऊन निघेल. मग पांढरा डेव्हलपर, तो चिरेतला रंग वर ओढतो. बारीक चीर केसासारखी रेघ उमटवते, खोल चिरेतून रंग बाहेर येतच राहतो आणि रेघ बघता बघता जाड होते. आणि ब्रेकचा भुगा हवेच्या पाइपने उडवू नको, नाकात जातो.

चाकं_चार
मंडळी, सगळं केलं. नाण्यांनी मोजल्यावर 22.5. 😐 म्हणजे ओठच मोजला होता हे खरं. बाहेरच्या बाजूच्या दोन चिरा मधेच संपतात, नखही अडकत नाही. पण आतल्या बाजूला (जी मी बघितलीच नव्हती) एक चीर थेट बाहेरच्या कडेवरून वळून पोकळीच्या तोंडापर्यंत आली आहे, डेव्हलपर मारल्यावर दहा मिनिटांत रेघ चांगली लाल झाली. आणि त्या चाकाचा आतला पॅड जवळजवळ संपलाय, बाहेरचा अर्ध्याहून जास्त शिल्लक. हे असं कसं?

बिडाचा_माणूस
कॅलिपरची, म्हणजे पॅड दाबणाऱ्या पकडीची, स्लाइड पिन (जिच्यावर तो सरकतो ती) जाम आहे. पिस्टन आतल्या पॅडला दाबतो, कॅलिपर सरकला तरच बाहेरचा पॅड लागतो, तुझा सरकत नाहीये. सगळा भार आणि उष्णता आतल्या बाजूलाच, चीर तिथेच पडणार. पिना काढ, गंज साफ कर, ब्रेकचंच ग्रीस लाव, रबर फाटलं असेल तर बदल. हे न करता नवी डिस्क टाकलीस तर तीही तशीच तापणार. डिस्क दोन्ही चाकांच्या बदल, पॅडही नवे, हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढ नाहीतर डिस्क वाकडी बसेल. चाकाचे नट समोरासमोरचे आळीपाळीने आणि टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळ. सुरुवातीचे दोन-तीनशे किमी अचानक जोराचा ब्रेक टाळ, लांब उतारावर ब्रेकवर पाय ठेवून न येता खालच्या गियरवर ये, आणि तापलेल्या डिस्कवर पाण्याचा पाइप मारू नको.

चाकं_चार
डिस्क मागवल्या. एक पिन तर हातोडीनेच निघाली. जुन्या दोन्ही डिस्क दोरीला टांगून लाकडी दांडीने वाजवून बघितल्या, मडकं वाजवून घेतो तसं. एक घणघणली, चीरवाली ठप्प.