पाऊस गेल्यावर घरात काय काय येतं? आश्विन-कार्तिकातले तुमचे अनुभव

हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईतून पाऊस साधारण ८ ऑक्टोबरला निघतो. प्रत्यक्षात निघालेला हा पाहुणा विसरलेली छत्री न्यायला दोनदा तरी परत येतो. मग एका सकाळी ऊन जिन्यात वेगळ्याच ठिकाणी पडलेलं दिसतं आणि कळतं, गेला एकदाचा.

काल भाजीवालीकडे भुईमुगाच्या ओल्या शेंगा दिसल्या. वेलासकट, मुळांना माती तशीच. घरी आणून तीन पाण्यांनी धुतल्या आणि पातेल्यात भरपूर मीठ घालून उकडत ठेवल्या. कुकरमध्ये नाही, त्यात त्यांचा लगदा होतो. उकडलेली शेंग फोडली की आतलं खारट पाणी मनगटावरून थेट कोपरापर्यंत येतं. आम्ही तिघं जमिनीवर पेपर पसरून बसलो. हात ओले, त्यामुळे फोनला कुणी हात लावेना. पाऊण तास कुणी काही विशेष बोललंही नाही. लेक मध्येच म्हणाली, "आई, ही बघ, चार दाण्यांची."

एवढंच झालं. त्यावरून तुम्हाला विचारावंसं वाटलं. दसरा ते तुळशीचं लग्न या दिवसांत तुमच्याकडे शेतातून काय येतं, चुलीवर काय चढतं आणि तुम्ही जरा टेकता कधी? फराळाच्या पाककृती नकोत, त्या सगळ्यांकडे आहेत. छोटंसं काहीतरी सांगा.

* * *

आमचं गाव देवगड तालुक्यात, समुद्रापासून बरंच आत. तुमची कोजागरी ती आमची नवान्न पौर्णिमा. त्या दिवशी दाराला 'नवं' बांधतात. भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, वरी, कुरडूचं फूल, झेंडू, हे सगळं आंब्याच्या पानात धरायचं आणि केळीच्या सोपाने करकचून बांधायचं. बाबा सकाळी मळ्यातून हे घेऊन यायचे तेव्हा त्यांच्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटलेली असायची. ती काढायचं काम आमचं. मग नवं बांधत हिंडायचं. दाराला, देव्हाऱ्याला, तुळशीला, गोठ्याला, विहिरीच्या रहाटाला. आजोबांचा हट्ट असायचा की त्यांच्या सायकलच्या हँडललाही एक हवंच.

हळवं भात, म्हणजे लवकर तयार होणारं, तोवर कापून झालेलं असायचं. त्यातलं पायलीभर आधी कांडून घ्यायचे आणि त्या नव्या तांदळाची खीर व्हायची, गूळ आणि नारळाचा रस घालून. शिजताना त्याला जो वास येतो तो दुकानातल्या तांदळाला मी अजून शोधतोय.

आता मी डोंबिवलीत. काकी दरवर्षी एसटीतून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती नवं पाठवते आणि मी ते सेफ्टी डोअरला बांधतो. सोबत दोन किलो नवा तांदूळ. बायको माझी सोलापूरची, भाकरीवर वाढलेली. पहिल्या वर्षी तिने नेहमीच्या मापाने पाणी घातलं आणि कुकरमधून खळ निघाली, पोस्टर चिकटवायला चालली असती. काकीला फोन लावला तर पलीकडून आधी हसूच आलं. "नव्या तांदळाक येवढा पाणी नको गो बाय!" त्या रात्री आम्ही ती खळ मीठ, तूप आणि मेतकूट घालून भुरकली. दुसऱ्या वर्षापासून बायको मुद्दाम तशीच करते.

* * *

वरच्या दादा, वहिनींची चूक नाही, मापाची आहे. आम्ही मावळातले, घरचा इंद्रायणी. नव्या दाण्यात ओल असते आणि तो पटकन मऊ पडतो. चार-सहा महिने ठेवला की तोच तांदूळ जास्त पाणी पितो आणि मोकळा होतो. आमच्या पातेल्यात जुन्या वाटीला अडीच वाट्या, तर नव्याला पावणेदोन. तरी पहिला आठवडाभर रोज अंदाज चुकतो, आणि घरात कुणाची तक्रार नसते. नव्या इंद्रायणीचा भात मोकळा व्हावा असं ज्याला वाटतं त्याने बासमती खावा.

* * *

नव्या तांदळाचा विषय निघालाच आहे तर माझं दुःख ऐका. गेल्या दिवाळीत मी हौसेने गावाहून आलेल्या नव्या तांदळाचे अनारसे घातले. तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं. पंचावर पसरले, दमट असतानाच वाटून मैद्याच्या चाळणीने चाळले, गूळ घालून गोळा मळून डबा बंद केला. सगळं शास्त्रशुद्ध. पाचव्या दिवशी पहिला अनारसा खसखस वर ठेवून तुपात सोडला. एक क्षण छान जाळी पडली. मग तो कडेने पसरायला लागला, पसरतच गेला, आणि शेवटी कढईत नुसतं तूप आणि त्यावर तरंगणारी खसखस.

सासूबाई हॉलमधून म्हणाल्या, "हसला का गं?"

मी म्हटलं, "हो."

त्यावर त्या स्वतःच इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. नणंद म्हणते गूळ जास्त झाला, सासूबाई म्हणतात अनारशाला तांदूळ जुनाच हवा. मी दोघींनाही हो म्हटलं. उरलेल्या गोळ्यात कणीक आणि दूध कालवून गोड धिरडी केली, ती मात्र दहा मिनिटांत संपली.

* * *

आमच्याकडे सीताफळं. झाडावरून डोळे उघडलेली उतरवायची आणि तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायची. दिवसातून चार वेळा डबा उघडून प्रत्येकाला अंगठ्याने दाबून बघणारे आमचे तीर्थरूप, वय ७८. सगळी सीताफळं अंगठ्याच्या ठशांसकट पिकतात.

* * *

कऱ्हाडच्या बाजूला घट बसायच्या आधी 'दसरा काढतात'. बाहेरच्यांना वाटतं सोनं-बिनं काढत असतील. घरातलं झाडून सगळं बाहेर काढून धुवायचं, त्यातही मुख्य म्हणजे वाकळा आणि गोधड्या. पावसाळाभर त्यात मुरलेला दमटपणा आणि पोरांचे पराक्रम, सगळं एका दिवसात निघायचं. बायका भल्या पहाटे बैलगाडीत ढीग घालून कृष्णेवर जायच्या. पाणी प्यालेली वाकळ एकटीला उचलत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची आणि एकमेकींच्या उलट पीळ द्यायचा. ज्या जावांचं वर्षभर एकमेकींशी वाकडं, त्यांनाही त्या दिवशी समोरासमोर उभं राहावंच लागायचं. माझ्या दोन चुलत्या बोलायला लागल्या त्या अशाच, वाकळ पिळताना, "अगं सोडू नको, सोडू नको" म्हणत. खडकांवर, बाभळींवर, जिथे जागा मिळेल तिथे रंगीबेरंगी वाळवण. मध्ये भाकरी-ठेचा आणि बोरांएवढ्या टोमॅटोची चटणी.

आता मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर. आईने शिवलेल्या दोनच गोधड्या उरल्यात. परवा त्यातली एक मशीनमध्ये घातली. मशीन आधी गुरगुरलं, मग जागचं हललं आणि सरकत सरकत बाथरूमच्या दारापर्यंत येऊन बंद पडलं. गोधडी बाहेर काढली आणि बाथरूममध्ये पायाने तुडवली. आई दारात स्टूल टाकून बसली होती. "कडा तुडव. मध्ये नाचून काय उपयोग?" पिळायला तिचे हात चालेनात तर नवऱ्याला ऑफिसच्या कॉलवरून उठवून दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. त्याने दोन्ही वेळा माझ्याच दिशेने पीळ दिला.

गच्चीवर दोन दिवस ऑक्टोबरचं ऊन खाल्लं गोधडीने. एरवी त्या उन्हाला आपण शिव्या देतो. संध्याकाळी आणली तर गरम होती, इस्त्रीच्या कपड्यासारखी, आणि तिला तो वास होता. आईने तिथेच नाक खुपसलं. एरवी पहाटे पाचला उठून भांडी वाजवणारी बाई दुसऱ्या दिवशी आठ वाजून गेले तरी उठेना. मी दोनदा जाऊन श्वास चालू आहे ना बघून आले.

* * *

निफाड, द्राक्षवाला. आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे गोडी छाटणी, फळ धरण्यासाठीची. टेकण्याचं आम्हाला मेनंतर विचारा.

* * *

विश्रांतीचं वाचून बरं वाटलं, पण लातूरकडून एक सांगतो. आमचं सगळं सोयाबीनवर. कापून ढीग लावला आणि परतीचा पाऊस आला की ताडपत्री घेऊन पळायचं. एका वर्षी ताडपत्रीला उंदराने पाडलेलं भोक कुणाच्या लक्षात आलं नाही. चार दिवसांनी ढीग उघडला तर मधोमध शेंगांना कोंब. वरून छान, आत हात घातला तर चटका बसावा इतका गरम. त्या वर्षीची दिवाळी कशी झाली ते लिहीत नाही.

पण चांगलंही असतं. मागल्या साली मळणीयंत्र रात्री नऊला आमच्या रानात आलं आणि एक वाजेपर्यंत चाललं. मळणीचा भुस्कट अंगाला लागला की जी खाज सुटते ती खाजवूनही जात नाही. घरी येऊन दीडला चुलीवरच्या कढत पाण्याने अंघोळ केली. बायकोने त्या वेळेला पिठलं टाकलं, तव्यावरची ज्वारीची भाकरी थेट ताटात. दोन भाकरी खाल्ल्या आणि ओट्यावर पोत्यांना टेकून बसलो, म्हटलं जरा बसतो. डोळे उघडले तेव्हा कोंबडं ओरडत होतं आणि अंगावर पांघरूण होतं. कधी घातलं, कुणी घातलं, पत्ता नाही. म्हणजे कुणी ते माहीत आहे.

पुढच्या आठवड्यात हरभऱ्याची पेरणी. हुरड्याला कुणाला यायचं असेल तर या, पण जानेवारीत. आत्तापासून पत्ता विचारू नका.

* * *

भंडाऱ्याची माहेरवाशीण. एवढ्या सगळ्यांत शिंगाड्याचं कुणीच नाव काढेना म्हणून लिहितेय. तुम्ही उपासाला पीठ आणता ना, ते शिंगाडे. आमच्याकडे तळ्यांतून आणि बोड्यांतून, म्हणजे छोट्या तळ्यांतून, या दिवसांत ते ओले निघतात. हिरवे-तांबूस कच्चे खायचे, काळपट झालेले उकडायचे. दोन्ही बाजूंना शिंगं, ती हलगर्जीपणाने धरली की बोटात जातात. आजी विळीवर धरून एका झटक्यात दोन भाग करायची, आतून पांढराशुभ्र गर टपकन बाहेर. चव? नारळ आणि उकडलेलं रताळं यांच्या मधली कुठली तरी, पण दोन्ही नव्हे.

कोजागरीला भुलाबाईची गाणी म्हणून झाली की खिरापत ओळखायची असायची. आमच्या गल्लीत एक काकू दरवर्षी उकडलेले शिंगाडेच ठेवायच्या. पहिलं नाव आम्ही तेच घ्यायचो, आणि त्या दरवर्षी चकित झाल्यासारखं करायच्या. मुंबईत ओले शिंगाडे मिळाले की मी अंगठ्याला पट्टी लावूनच बसते.

* * *

सगळं वाचलं. मला आईचं सांगायचंय. नवरात्रापासून भाऊबीजेपर्यंत तिला मी बसलेलं पाहिलं नाही. जेवायलाही ती ओट्याशी उभी. जाळी-जळमटं, डबे घासणं, भाजण्या, पाहुणे. "जरा बस ना" म्हटलं की "बसले की उठवत नाही" हे ठरलेलं उत्तर.

फक्त कोजागरीची संध्याकाळ वेगळी. त्या दिवशी तीन लिटर दूध आटवायचं असायचं आणि ती गॅसशेजारी उंच स्टूल घेऊन बसायची. तास, सव्वा तास. एका हाताने ढवळत, कधी खिडकीबाहेर बघत, कधी कडेची साय खरवडून आत लोटत. कुणी हाक मारली तर इथूनच ओरडायची, "मला हलता येत नाही, दूध लागेल." बाबांनाही स्वतःचा चहा स्वतः करता यायचा त्या दिवशी. मी एकदा म्हटलं, मी ढवळते, तू पड. तर म्हणाली, "तुझ्याच्याने नाही व्हायचं ते."

लग्नानंतर पहिल्या कोजागरीला मी तिला फोन केला, म्हटलं, अगं, इतका वेळ उभं कोण राहणार? तर सहज म्हणाली, "तळाशी बशी पालथी घाल. आच बारीक ठेव. अधूनमधून बघितलंस तरी पुरे, लागत नाही."

मी विचारलं, "तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"तुझ्या आजीनेच सांगितलं होतं," म्हणाली, आणि फोनवर वेलदोडे किती घालायचे ते सांगायला लागली.

* * *

मी, सुरुवात करणारीच. आज परत शेंगा आणल्या. शेजारच्या काकूंचं म्हणणं आहे की उकडताना चिमूटभर हळद घालायची. नवरा म्हणतो, आहे ते बिघडवू नकोस. अर्ध्या तशा आणि अर्ध्या अशा लावल्यात, दोन पातेल्यांत. ताडपत्रीच्या भोकाबद्दल वाचल्यापासून लेक विचारतेय की जानेवारीत लातूरला खरंच जायचं का.