मदत हवी आहे: आहेराच्या वहीतून कविता केलीय, ती माझी म्हणू का?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या जागी पडला असेल तर हलवा.

मी लातूरची. ऑनलाइन एक कवितेची वही चालवते. आठवड्याला एखादी कविता टाकते, वाचणारे पंधरा-वीस, त्यातले चार घरचेच. गेल्या वर्षापासून कुठंतरी आधीच लिहून पडलेले शब्द उचलून त्यांची कविता करायचा नाद लागलाय. इंग्रजीत फाउंड पोएम म्हणतात तसलं. गोळ्यांच्या पाकिटावरच्या सूचना झाल्या, एसटीतल्या पाट्या झाल्या, लग्नपत्रिकेतलं 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' झालं. गंमत होती तोवर काही प्रश्न पडला नाही.

आता आईच्या लग्नातली आहेराची वही हाती आलीय. लग्न मे 1993 मधलं, निलंगा तालुक्यात, आईच्या माहेरी. लांबट वही, लाल कापडी पुठ्ठा, पहिल्या पानावर 'श्री गणेश प्रसन्न'. मांडवात टेबल टाकून थोरला मामा लिहायला बसला होता. नाव, गाव, काय दिलं, रोख किती. डाव्या समासात मात्र हात वेगळा आहे, निळ्या शाईतल्या बरोबरच्या खुणा. त्या आबांच्या, म्हणजे आईच्या वडलांच्या. समोरच्याच्या घरी लग्न निघालं, आहेर फेडला, की ते खूण करायचे. एकूण 143 नोंदी. खुणा 120.

त्याच वर्षी 30 सप्टेंबरला पहाटे भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक उशिरा झोपलेले, डोक्यावर माळवदाची मातीची वजनदार छपरं. किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्याचं काय झालं ते इथं वेगळं सांगायला नको. आईच्या माहेरी भिंती पडल्या, माणसं वाचली.

वही चाळताना लक्षात आलं की खूण नसलेल्या 23 नोंदी जवळजवळ सगळ्या त्याच पट्ट्यातल्या गावांच्या आहेत. मी त्या 23 तेवढ्या ओळीनं उतरवल्या, नावं काढून टाकली, गाव आणि वस्तू ठेवली. शेवटी एक ओळ माझी घातली. सुरुवात अशी:

सास्तूर
टोपी टावेल, रोख 11

तळणी
पातळ एक, हिरवे

होळी
स्टीलचा तांब्या

मंगरूळ
रोख 5

…आणि शेवट:

फेडायचं राहून गेलं.

लिहिल्यावर दोन दिवस बरी झोप नाही. आता अडलंय ते असं. शब्द मामाचे, खुणा आबांच्या, मी फक्त गाळलं. खाली माझं नाव घालू का? नावं काढली ते बरं केलं की वाईट? शेवटची ओळ माझी आहे, ती अशा कवितेत चालते का? आणि खुणा, म्हणजे नसलेल्या खुणा, टाइप केलेल्या मजकुरात दाखवायच्या कशा? पानाचा फोटोच टाकावा तर सगळी नावं जगजाहीर होतात.

आईला अजून सांगितलं नाही. ती काल म्हणालीच, "काय करायलीस गं त्या वहीचं सारखं?"

बालाघाट

धाग्यावर खूण ठेवतो. संध्याकाळी निवांत लिहितो. मंगरूळच्या 5 रुपयांवर थांबलो.

वकीली_अर्धवट

कायद्याचं तेवढं सांगतो, कवितेतलं मला कळत नाही. आपल्याकडच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. घरच्या आहेराच्या यादीवरून मामा तुमच्यावर दावा लावायला येणार नाहीत, पण विचारून घ्या, विचारण्यात मान असतो. खरी काळजी घ्यायची ती दुसऱ्याच्या कथा-कविता, लेख उचलताना. हल्ली कुणाच्याही लेखातले नको ते शब्द काळे करून उरलेले 'कविता' म्हणून टाकतात आणि मूळ लेखकाचा पत्ता नसतो. निदान खाली 'मूळ मजकूर अमुक ठिकाणचा' एवढं तरी लिहावं.

आणि वहीच्या पानाचा फोटो टाकू नका. नाव, गाव, कुणी किती दिलं, हे लोकांचं खाजगी आहे. 11 रुपये दिलेल्याचा नातू आज बंगल्यात राहत असेल, त्याला ते आवडेलच असं नाही.

गोदाकाठ

मी गंगाखेडची, जनाबाईच्या गावची, म्हणून जरा हक्कानं बोलते. शब्द कुणाचे हा प्रश्न आपल्या आज्यांना कधी पडला नाही. जात्यावर 'पहिली माझी ओवी' सगळ्यांचीच. पुढं जिनं तिनं आपल्या भावाचं नाव घालायचं, आपल्या सासरचं गाव घालायचं. वरची ओळ वारशाची, खालची आपली. त्यामुळं तुमची शेवटची ओळ 'चालते का' असं विचारूच नका, चालते.

माझी आजी दुसऱ्या बाईची ओवी म्हणायची तेव्हा आधी सांगायची, "ही शेजारणीची हाय बरं." म्हणून झाली की मात्र तिचीच. तसं करा. खाली लिहा: वही आईच्या लग्नाची, अक्षर मामाचं, वेचणी माझी.

कापूसवाला

'वेचणी' शब्द झकास. फाउंड पोएमला मराठीत 'सापडलेली कविता' म्हणतात ते मला कधी पटलं नाही. सापडायला काय, रस्त्यात पाकीट पडलंय का? कविता वाकून वेचावी लागते. आमच्याकडं कापूस मालकाचा असतो, रोजंदारी वेचणारणीची. नावाच्या भांडणाचं उत्तर मला तरी त्यात दिसतं.

बाकी मीपण एक केलीय, अडतीवर कानावर पडलेल्या बोलण्यातून:

ओलावा जास्त
काडीकचरा
डागी दाणा
चाळणी मारून आणा
गाडी बाजूला घ्या

एक शब्द माझा नाही. सोयाबीन माझं होतं.

मांजराकाठ

@कापूसवाला, 'गाडी बाजूला घ्या' वर हसू आलं आणि मग आलं नाही.

@गोदाकाठ, शेजारणीची ओवी डोक्यात बसली. तशीच तळटीप घालते.

बालाघाट

आलो. कडक बोलणार आहे, राग मानू नका, कविता चांगली होण्याजोगी आहे म्हणून बोलतोय.

शेवटची ओळ काढा. ओवीत चालते म्हणून इथं चालेल असं नाही. ओवी म्हणणारी बाई स्वतः जात्यावर बसलेली असते. तुम्ही आतापर्यंत बाजूला उभ्या आहात, वाचकाला नुसत्या नोंदी दाखवताय, आणि शेवटी एकदम पुढं येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवताय. त्याला कळलेलं असतं हो. शेवट हवाच असेल तर वहीतच शोधा, मामानं पानाच्या तळाला काय लिहिलंय ते बघा.

दुसरं. डाडा नावाच्या युरोपातल्या बंडखोर कलाचळवळीतला कवी त्रिस्तान त्सारा, त्यानं 1920 मध्ये डाडा कविता करायची कृती सांगितली होती: वर्तमानपत्र घ्या, कात्रीनं लेखातले शब्द कापा, पिशवीत घालून हलवा, निघतील तसे उतरवा. तिथं कोणता शब्द निघेल ते पिशवी ठरवते. तुमच्याकडं पिशवी नाही. 143 मधल्या 23 तुम्ही निवडल्यात, आणि का निवडल्यात त्याचं कारण हीच तुमची कविता. म्हणून कारण पक्कं पाहिजे.

आणि तेच मला कच्चं वाटतंय. खूण नाही म्हणजे माणूस गेला असं कशावरून? त्या घरात पुढं लग्नच निघालं नसेल. निघालं असेल आणि पत्रिका आली नसेल. भूकंपानंतर अख्खी गावं उठून नव्या गावठाणात गेली, कोण कोणत्या ओळीत राहायला गेलं हे सोयऱ्यांनाही वर्षानुवर्षं कळलं नाही. कदाचित आबा खूण करायलाच विसरले असतील. जिवंत माणसाला कवितेत मारून ठेवाल. एकेक नाव आईला विचारा. कविता नंतर.

तेरणेचं_पाणी

वरच्याशी सहमत. आमचं घर त्या पट्ट्यातलं. दर सप्टेंबरात कुणीतरी आमच्यावर कविता करतं. बहुतेकांना आमच्या घराची पायरी कुठं होती तेही माहीत नसतं. तुमच्या कवितेत निदान टोपी-टावेल खरा आहे. विचारून करा, एवढंच.

नावांचं म्हणाल तर मला ती हवी होती. आहेर म्हणजे माइकवर नाव पुकारणं. 'अमुक गावच्या तमुक पाहुण्यांकडून 11 रुपयांचा आहेर' ऐकायला माणूस मांडवात मान वर करून बसायचा. नाव काढलं की नुसती भांड्यांची यादी उरते. पण वकीलसाहेबांचंही खरं आहे. मला उत्तर माहीत नाही.

ओळमोड

तांत्रिक तेवढं. रिकामी जागा ठेवून खूण 'नसलेली' दाखवायचा विचार असेल तर नुसते स्पेस देऊ नका. ब्राउझर सलग दहा स्पेसचा एक करून टाकतो आणि कविता डावीकडं गोळा होते. नॉन-ब्रेकिंग स्पेस (ब्राउझर गिळत नाही अशी रिकामी जागा) वापरा, नाहीतर कवितेला प्रीफॉर्मॅटेड ब्लॉकमध्ये टाका, म्हणजे टाइप केलंय तसंच दिसतं. ओळी आखूड ठेवा, मोबाइलवर लांब ओळ मोडून खाली येते आणि वाचणाऱ्याला वाटतं कवीनंच मोडलीय.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. दिवाळी अंकाला पाठवायची असेल तर आधी ऑनलाइन वहीवर टाकू नका. बरेच संपादक 'पूर्वप्रकाशित नसावी' अशी अट घालतात आणि ब्लॉगवर टाकलेलंही त्यात धरतात. माझी एक कविता अशीच परत आली, वाचणारे होते सात.

मांजराकाठ

चार दिवसांनी येतेय, माफ करा.

@बालाघाट, राग आला होता. मग वही घेऊन आईजवळ बसले.

ती आधी काही बोललीच नाही. चष्मा लावून पहिलं पान वाचलं, मग म्हणाली, "दादाचं अक्षर बघ की कसं, तवा झरझर लिव्हायचा." मग एकेक नाव. मी पेन्सिलीनं बाजूला लिहीत गेले. दोन संध्याकाळी लागल्या, मधे एकदा मामाला फोन लावला. वापरू का म्हणून विचारलं तर तो म्हणाला, "वही तुमचीच हाय, मला काय विचारतीस."

23 मधल्या तिघांचा आहेर फेडलेला निघाला. आबा खूण करायचे राहिले. एका लग्नात तर आई स्वतः गेली होती, तिला तिथली बुंदीसुद्धा आठवते. अकरा घरं आहेत, सुखरूप आहेत, फक्त जाणं-येणं तुटलं. नवं गाव, नवे नंबर, मग आबा गेले. तळणीचं हिरवं पातळ त्याच अकरांतलं. त्या मावशी पुण्याला लेकीकडं असतात म्हणे. मी त्यांना कवितेत मारलंच होतं.

राहिली नऊ.

म्हणजे बालाघाट म्हणाले तेच. कविता निम्म्याहून कमी झाली आणि हिरवं पातळ गेलं, जी माझी सगळ्यात आवडती ओळ होती. हट्टानं एकदा आईला म्हणून पाहिलं, ती तेवढी ठेवू का, कवितेत काय होतंय? तिनं नुसतं बघितलं माझ्याकडं.

शेवटही वहीत सापडला. प्रत्येक पानाच्या तळाला मामानं रोख रकमेची बेरीज करून खाली तेच चार शब्द लिहिलेत. आता अशी आहे:

सास्तूर
टोपी टावेल, रोख 11

होळी
स्टीलचा तांब्या

मंगरूळ
रोख 5

किल्लारी
चोळीचा खण, रोख 21

राजेगाव
टोपी टावेल

किल्लारी
ताट एक, वाटी दोन

सास्तूर
रोख 11

पेठ सांगवी
धोतरजोडी

किल्लारी
रोख 2, मूल बरोबर

बेरीज पुढील पानावर घेतली

'मूल बरोबर' काय आहे ते मामालाही आठवेना. पाहुण्याबरोबर लहान मूल होतं म्हणून पंगतीतली पानं मोजायला लिहिलं असेल, असं तो म्हणाला.

बालाघाट

आता हात लावू नका.

गोदाकाठ

किल्लारी तीनदा येतं ते तसंच ठेवा. कुणीतरी सांगेल एकत्र करा म्हणून.

तेरणेचं_पाणी

वाचली. घरी वाचून दाखवली. नावांबद्दल मी आग्रह धरत नाही, तुम्हाला योग्य वाटेल ते करा.

मांजराकाठ

नावांबद्दलच शेवटचं लिहिते, मग धागा बंद केला तरी चालेल.

आईला कविता वाचून दाखवली. होळीच्या ओळीवर तिनं थांबवलं. म्हणाली, "तो तांब्या हाय की. न्हाणीत."

न्हाणीत एकच तांब्या आहे, कडेला पोचा आलेला. मी कळायला लागल्यापासून त्यानंच अंघोळ करते. उलटा करून पाहिला. बुडाला साबणाचा थर होता, नखानं खरवडला. खाली ठिपक्या-ठिपक्यांत कोरलंय: पूर्ण नाव, मु. पो. होळी, आणि लग्नाची तारीख.

नाव इथं लिहीत नाही. कवितेत त्या ओळीपुढं नावापुरती जागा सोडलीय, नॉन-ब्रेकिंग स्पेसनं. ओळमोड, मोबाइलवर नीट दिसतेय का तेवढं बघून सांगाल का?