शेक घेतल्यावर आईच्या तोंडाला कायमची कोरड: रात्रीसाठी आणि दातांसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईला (वय ६७) गेल्या वर्षी जिभेच्या कडेला कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, नंतर ३३ शेक (रेडिएशन) झाले. आजार आटोक्यात आहे. पण शेक संपून आठ महिने झाले तरी तोंडात लाळ नाही. कानापुढच्या आणि जबड्याखालच्या लाळग्रंथी शेकाच्या टप्प्यात आल्या, थोडी लाळ हळूहळू परत येईल, पण पूर्वीइतकी येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

लाळ नाही म्हणजे काय, हे घरात बघेपर्यंत मला कळलं नव्हतं. भाकरीचा घास तोंडात नुसता फिरत राहतो, खाली उतरत नाही. तिखटाचा कण लागला तरी डोळ्यांत पाणी. संध्याकाळी हरिपाठ म्हणताना दर दोन ओळींना फुलपात्र उचलावं लागतं. मध्येच जीभ टाळूला चिकटते, टक् असा आवाज येतो आणि ती गप्प बसते. ते बघवत नाही.

आमच्या हातून एक मोठी चूक झाली. लाळ सुटावी म्हणून तिला दिवसभर खडीसाखर आणि साखरेतला आवळा चघळायला देत होतो. ती साखर आणि आंबट धुऊन न्यायला तोंडात लाळच नव्हती. पाच महिन्यांत दातांना हिरडीलगत तपकिरी खाचा पडल्या. जवळच्या डेंटिस्टनी दोन दाढा काढायला सांगितल्या, आम्ही तारीखही घेतली. आदल्या दिवशी सहज शेकाच्या डॉक्टरांना फोन केला, तर त्यांनी तिथल्या तिथे थांबवलं. शेक बसलेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. दात उपटला तर जखम न भरण्याचा आणि हाड उघडं पडण्याचा धोका असतो. घरात कुणी तोंडाला किंवा गळ्याला शेक घेतले असतील तर शेकाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दात काढू नका, हात जोडून सांगतो.

सध्या पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि पाव चमचा मीठ घालून दिवसातून पाच-सहा गुळण्या चालू आहेत. अल्कोहोलचं माउथवॉश बंद केलं. बिनसाखरेचं च्युइंगगम चघळलं की थोडा ओलावा येतो. जेवणात मुगाचं कढण, तूप घातलेला मऊ भात, ताज्या गोड ताकातल्या कण्या. कण्या तिला सगळ्यांत सोप्या जातात. लाळ वाढवणाऱ्या पिलोकार्पिनच्या गोळ्या दम्यामुळे देता येत नाहीत.

खरा प्रश्न रात्रीचा आहे. दर तासाला कोरड पडून जाग येते, मग पाणी, मग लघवीला उठणं, झोप म्हणून होत नाही. कृत्रिम लाळेचा स्प्रे तिला अर्धा तासही पुरत नाही. झोपताना तोंडात लावायचं जेल कुणी वापरलंय का, किती वेळ टिकतं? खोलीत ह्युमिडिफायर ठेवून फरक पडला का, की दम्याला त्रास झाला?

दुसरं म्हणजे, दात आणखी किडू नयेत म्हणून दातांच्या मापाचे साचे करून त्यात फ्लोराइडचं जेल लावतात असं शेकाच्या डॉक्टरांनी सांगितलं. इथल्या डेंटिस्टना त्याचा अनुभव नाही. तुमच्याकडे कुणी केलं असेल तर रोज किती वेळ लावायचं, जळजळ होते का, साधारण खर्च किती, हे कृपया लिहा. आम्ही बार्शीला असतो. सोलापूर किंवा पुण्याला नेणं जमेल.