प्रागमधली सेगवे सफर आणि ज्येष्ठ नागरिक

आई-वडिलांना प्रागमध्ये सेगवेवर (दांडा धरून उभ्याने चालवायची विजेवरची दोनचाकी गाडी) न्यावं का, आणि तिथल्या जुन्या चार्ल्स पुलावरून त्यावर जाता येईल का, असे दोन प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे: नाही. २०१६ च्या शेवटी महापालिकेने चार्ल्स पुलासह जुन्या शहरात सेगवेला बंदी घातली, आणि माझ्या मते योग्यच केलं. त्या अरुंद, दगडी फरसबंदीच्या गल्ल्यांत पायी चालणाऱ्यांचे हाल होत होते.

त्यामुळे सफरी आता टेकड्यांकडे सरकल्या, आणि खरं तर हे बरंच झालं. तिथला स्ट्राहोवचा मठ ११४३ चा, ब्रेव्हनोवचा त्याहून जुना, ९९३ चा. लेटना टेकडीवरून व्ल्टावा नदी आणि तिच्यावरचे एकामागून एक पूल दिसतात, तिथे गाइडला जरा जास्त वेळ थांबायला नक्की सांगा.

आता ज्येष्ठांबद्दल. पुढे झुकलं की गाडी पुढे, मागे झुकलं की वेग कमी, हे कोणालाही पाच-दहा मिनिटांत जमतं. धोका असतो तो उतरताना. एक पाय जमिनीवर टेकवताना दांडा ओढला गेला तर गाडी सरकते आणि माणूस पडतो. म्हणून गाइडने दांडा धरल्याशिवाय उतरायचं नाही, हे त्यांना आधीच बजावून ठेवा. गुडघेदुखी असेल तर मात्र नकोच. तासभर एकाच स्थितीत उभं राहणं फार त्रासाचं होतं. त्यांच्यासाठी २२ नंबरची ट्रॅम घ्या, ती प्रागच्या किल्ल्याजवळून थेट स्ट्राहोवच्या मठाजवळ जाते.