फूटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) खेळणाऱ्यांचं घर तुम्ही जवळून पाहिलंय का? (अनुभव धागा)

मंडळी, मेलबर्नला येऊन अकरा वर्षं झाली. धाकटा ऑसकिकपासून (लहान मुलांना फूटी शिकवायचा कार्यक्रम) फूटी खेळतोय, आता चौदाचा आहे आणि परवा जेवताना म्हणाला, आई मला एएफएलच्या ड्राफ्टमध्ये जायचंय. आम्ही दोघंही गप्प बसलो, कारण काय बोलायचं तेच सुचेना. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १८-१८ जणांच्या टीम, लांबट बॉल, मुठीनं ठोकून किंवा लाथेनं पास, मधल्या दोन खांबांतून किक गेली की ६ पॉइंट. एएफएल म्हणजे यातली सर्वात मोठी लीग, आणि ड्राफ्टमध्ये तिचे क्लब पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात. आपण बॉक्सिंग डे टेस्ट बघतो ना, त्याच एमसीजीवर सप्टेंबरच्या शेवटी फायनल होते. खेळावर भरपूर लिहिलं जातं, मला घराबद्दल विचारायचंय. प्लेअर, त्यांच्या बायकामुलं, आईवडील कुणाला जवळून बघितलं असेल तर लिहा. ओळखीतल्यांची नावं नकोत, प्रसिद्ध लोकांची चालतील.

पॉइंट कुकहून
आमच्या शेजारचं जोडपं होस्ट फॅमिली होतं, म्हणजे दुसऱ्या राज्यातून ड्राफ्ट झालेली पोरं सुरुवातीला अशा घरात राहतात. नोव्हेंबरात ड्राफ्ट झाला आणि आठवड्याभरात एक १८ वर्षांचा मुलगा दोन बॅगा घेऊन हजर, पार वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या शेतावरून. घर कधी सोडलं नव्हतं. तेव्हा माझी आई सहा महिन्यांसाठी आली होती, तिला तो कुंपणावरून रोज हाक मारायचा आणि तिनं त्याला वरणभात लावायला शिकवला, कारण क्लबात वजन, चरबी सगळं मोजायचे आणि तळलेलं चालायचं नाही. दोन वर्षांचं काँट्रॅक्ट. पहिलं वर्ष हॅमस्ट्रिंगच्या (मांडीमागच्या स्नायूच्या) दुखापतीत गेलं, दुसऱ्या वर्षी रिझर्व्हजमध्ये (क्लबच्या दुय्यम टीममध्ये) खेळला आणि सीनियर टीममध्ये फक्त चार मॅच. पहिल्या मॅचला आईवडील शेत शेजाऱ्यावर सोपवून विमानानं आले होते, बापाचे हात थरथरत होते, मी शेजारी बसलो होतो. सीझन संपल्यावर मीटिंगला बोलावलं आणि दहा मिनिटांत सांगितलं की पुढचं काँट्रॅक्ट नाही. विसाव्या वर्षी! संध्याकाळी तो आमच्या पायरीवर बसला होता आणि म्हणत होता, बाबांना फोन कसा करू. टीव्हीवर आपल्याला मोठी नावं दिसतात हो, ही पोरं दिसत नाहीत.

गोल्ड कोस्टहून
मी शेफ आहे. २०२० ला कोविडमुळे मेलबर्नचे क्लब क्वीन्सलँडला आले तेव्हा एक टीम आमच्या हॉटेलात होती. काहींच्या बायकामुलं क्वारंटाइन करून नंतर आली, काहींची आलीच नाहीत. नाश्त्याला एकीकडे टीमची मीटिंग आणि दुसरीकडे तान्ह्या बाळाची बाटली गरम करून द्या म्हणून बाप उभा, असं चालायचं. ज्यांची मुलं मागे राहिली ते जेवताना फोन ग्लासला टेकवून ठेवायचे. त्याच वर्षी जीलाँगचा गॅरी अॅब्लेट सीझनच्या मध्येच घरी गेला होता, बाळ गंभीर आजारी असल्याचं त्यानं आणि बायकोनं स्वतःच जाहीर केलं होतं. दोन वेळचा ब्राउनलो मेडल (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस) विजेता माणूस, पण घर आधी. नंतर परत आला, ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावरच्या फायनलमध्ये सुरुवातीलाच खांदा दुखावला तरी पुन्हा मैदानात उतरला, रिचमंडकडून हरले आणि दोन्ही टीमनी दुतर्फा उभं राहून त्याला निरोप दिला. आमचं अख्खं किचन टीव्हीसमोर उभं होतं.

अॅडलेडहून
मुलींच्या आया, एरिन फिलिप्सबद्दल वाचा. वडील ग्रेग फिलिप्स पोर्ट अॅडलेडचे मोठे खेळाडू, पण ही तेरा वर्षांची झाल्यावर मुलांबरोबर खेळणं बंद, मुलींची टीमच नव्हती. मग बास्केटबॉलमध्ये जाऊन अमेरिकेत डब्ल्यूएनबीए दोनदा जिंकली आणि २०१७ ला महिलांची लीग सुरू झाली तेव्हा ३१ व्या वर्षी फूटीत परत आली, तेव्हा जुळ्यांची आई होती! २०१९ च्या फायनलला मी लेकीला घेऊन गेले होते, ५३,०३४ लोक. एरिनचा गुडघा गेला, स्ट्रेचरवरून नेताना सगळं स्टेडियम उभं. तरी त्या मॅचची बेस्ट प्लेअर तीच. लेक विचारत होती, तिची बाळं पण बघतायत का गं?

मूळचा कोल्हापूरचा, आता मेलबर्न
आमच्याकडं पेठांच्या तालमींचा फुटबॉल, इथं क्लबांना कॉलिंगवुड, रिचमंड, कार्लटन ही उपनगरांची नावं, त्यामुळं मला पहिल्या दिवसापासून घरचं वाटलं. बापानं एका क्लबकडून १०० मॅच खेळल्या असतील तर त्याच्या पोराला घ्यायचा पहिला हक्क त्या क्लबला मिळतो, फादर-सन रूल. पीटर डेकॉस कॉलिंगवुडसाठी २५० मॅच खेळला, १९९० ची फायनल जिंकला. २०२३ ला जॉश आणि निक ही त्याची दोन्ही पोरं त्याच क्लबकडून फायनल जिंकली, फक्त ४ पॉइंटनी. पण आडनावाचं ओझं पण किती असंल बघा, खेळलं तर रक्तात आहे म्हणायचं आणि नाही खेळलं तर बापाचं नाव घालवलं.

जीलाँगहून
कृपया डोक्याच्या माराबद्दल पण बोला. सेंट किल्डाचा जुना कॅप्टन डॅनी फ्रॉली २०१९ ला गेला आणि नंतरच्या तपासणीत त्याच्या मेंदूत सीटीई सापडलं, वारंवार डोक्याला मार बसल्यानं होणारा आजार. माझ्या सोळा वर्षांच्या मुलाला लोकल मॅचमध्ये कन्कशन (डोक्याला मार लागून मेंदूला धक्का) झालं आणि ट्रेनर म्हणाला ठीक आहे, खेळू दे. मी ऐकलं नाही, गाडीत घातलं आणि नेलं. आता लोकल लेव्हलला कमीत कमी २१ दिवस बाहेर बसवायचा नियम आहे. मुलगा चिडेल, रडेल, तरी बसवा.

(धागाकर्ती)
सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री दोघांनी मिळून वाचलं. पॉइंट कुकवाले दादा, तो मुलगा आता काय करतो?

पॉइंट कुकहून
गावी परत गेला, इलेक्ट्रिशियन झाला, शनिवारी गावच्या क्लबकडून खेळतो. दिवाळीला आईला व्हिडिओ कॉल करतो. तिला खेळातलं अजून काही कळत नाही, पण पाय कसा आहे रे ते विचारते आणि मी भाषांतर करतो.