नाकातले पॉलिप: ऑपरेशन करून घ्यावं की औषधांवरच राहावं?

पाऊलवाट

निर्णय अडला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वय ४३. चार वर्षं नाक दोन्ही बाजूंनी चोंदलेलं. रात्रभर तोंडाने श्वास, घसा कोरडा पडतो, तीन-चारदा जाग येते. दोन वर्षांपूर्वी वास यायचाही बंद झाला. दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा दोन्हीकडे सोललेल्या द्राक्षांसारखे फिकट गोळे, म्हणजे पॉलिप, दिसले. सीटी स्कॅनमध्ये डोळ्यांच्या मधल्या सायनस (हाडांतल्या पोकळ्या) जवळजवळ भरलेल्या आहेत. दमा नाही.

स्टिरॉइडचा स्प्रे आठ महिने चालू आहे. वर्षभरात स्टिरॉइडच्या गोळ्यांचे तीन कोर्स झाले. दर वेळी चार दिवसांत नाक मोकळं होतं, वासही येतो, आणि गोळ्या थांबल्या की महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न. आता डॉक्टर दुर्बिणीतून ऑपरेशन करू म्हणतात. माझ्या दिरांचं सहा वर्षांपूर्वी झालं होतं. तिसऱ्या वर्षी पॉलिप परत आले. परत येणारच असतील तर भूल आणि ऑपरेशन कशाला, असं मला वाटतं.

माझा कल 'नको'कडे आहे. पण मागच्या महिन्यात गॅसची ज्योत विझली, बटण चालू राहिलं आणि मी ओट्यापाशीच उभी होते. मुलगा आतल्या खोलीतून धावत आला, तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मनात भीती बसली आहे.

दोन्ही बाजूंनी स्पष्ट लिहा.

दगडफूल

करून घ्या. माझं होऊन पाच वर्षं झाली.

ऑपरेशन टाळलं म्हणजे धोका टळला, असा आपला समज असतो. तुमच्याकडे तर वर्षात तीन वेळा स्टिरॉइडच्या गोळ्या झाल्या आहेत. त्या नाकापुरत्या राहत नाहीत, सगळ्या अंगात जातात. साखर वाढते, झोप उडते, चिडचिड होते. वर्षानुवर्षं वारंवार घेतल्या तर हाडं ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदू होऊ शकतो. ऑपरेशनची भीती एका दिवसाची असते म्हणून ती मोठी दिसते. गोळ्यांचं नुकसान थोडंथोडं साचतं, म्हणून दिसत नाही.

पहिला आठवडा त्रासाचा गेला, हे लपवत नाही. नाक आधीपेक्षा जास्त चोंदलं, रक्ताळलेलं पाणी येत होतं, खपल्या धरल्या. नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. दोनदा दवाखान्यात दुर्बिणीतून साफसफाई झाली. दहाव्या दिवशी कामावर गेले. तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे जाग आली तेव्हा तोंड मिटलेलं होतं आणि श्वास नाकातून चालला होता. मी कितीतरी वेळ तशीच पडून राहिले.

आडवाट

दगडफूल, तुम्हाला फायदा झाला याचा आनंद आहे. माझी दोन ऑपरेशनं झाली आणि दोन्ही वेळा पॉलिप परत आले. पहिल्यांदा दीड वर्षात.

कारण पॉलिप हा मूळ आजार नाही. नाकाच्या आणि सायनसच्या अस्तराला सतत सूज असते, आणि ती सूज फुगून लोंबायला लागते तिला आपण पॉलिप म्हणतो. शस्त्राने लोंबणारं काढता येतं, पण सुजण्याचा स्वभाव असलेलं अस्तर तेच राहतं. बेल्जियममधल्या गेंट इथल्या डॉक्टरांनी ऑपरेशन झालेल्या रुग्णांना १२ वर्षांनी पुन्हा तपासलं आणि ते २०१९ मध्ये प्रसिद्ध केलं. तपासायला मिळालेल्या ३८ जणांपैकी ७८.९ टक्के लोकांना पॉलिप परत आले होते. ३६.८ टक्के लोकांचं पुन्हा ऑपरेशन झालं होतं. माणसं थोडी आहेत, पण १२ वर्षं पाठपुरावा करणारे अभ्यासही थोडेच असतात.

मला दमा आहे आणि अ‍ॅस्पिरिनसारख्या वेदनाशामकांनी धाप लागते. दमा, पॉलिप आणि या गोळ्या न सोसणं हे त्रिकूट वैद्यकशास्त्राला शंभर वर्षं माहीत आहे, आणि त्यात पॉलिप सगळ्यात हट्टी असतात. पहिल्या ऑपरेशनच्या आधी मला याबद्दल कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी वेगळ्या तयारीने गेलो असतो. पाऊलवाट ताई, डोकेदुखीची किंवा तापाची गोळी घेतल्यावर कधी छाती भरून येते का, नाक एकदम गळायला लागतं का, हे आधी आठवून बघा.

शेवंती

मध्येच थोडं. वरची सगळी चर्चा दोन्ही नाकपुड्यांतल्या पॉलिपची आहे. ज्यांना एकाच बाजूला आहे, त्यांनी ही चर्चा वाचून औषधावर वेळ काढू नये. माझ्या वडिलांना एकाच बाजूला होता. 'पॉलिपच आहे' असं धरून दोन वर्षं थेंब चालले. तुकडा काढून तपासला तेव्हा इन्व्हर्टेड पॅपिलोमा निघाला. ती साधी सूज नसून गाठ असते, आणि काहींमध्ये पुढे कर्करोगही होतो. तसंच लहान मुलांच्या नाकात पॉलिप दिसले तर डॉक्टर सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराची तपासणी सुचवतात, ती टाळू नका.

पाऊलवाट, तुमचे दोन्हीकडे आहेत. तुम्ही वरचीच चर्चा चालू ठेवा.

रानवारा

मी भूलतज्ज्ञ आहे. ही ऑपरेशनं रोज डोक्याशी उभी राहून बघते, म्हणून दोन गोष्टी.

एक, भीतीबद्दल. डोळा आणि सायनस यांच्यामध्ये जे हाड असतं त्याला लॅटिनमध्ये 'कागदी पान' म्हणतात, इतकं ते पातळ असतं. वरच्या बाजूला मेंदूचा तळ. म्हणूनच सीटी स्कॅन हा ऑपरेशनचा नकाशा असतो. डोळ्याला इजा, मेंदूभोवतीचं पाणी गळणं, मोठा रक्तस्राव हे धोके खरे आहेत, पण अनुभवी हातात ते क्वचित घडतात. बरेच रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. घरी गेल्यावर दृष्टी अंधूक झाली, डोळा सुजला किंवा वाकल्यावर एका नाकपुडीतून स्वच्छ पाण्याची धार लागली, तर मात्र सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

दोन, फायद्याबद्दल. नेदरलँड्समध्ये २३८ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला ऑपरेशन आणि औषधं, दुसऱ्याला फक्त औषधं. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. त्रास मोजायला स्नॉट-२२ नावाची २२ प्रश्नांची यादी वापरतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ गुण, एकूण ११०. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. वर्षाअखेरीला ऑपरेशनच्या गटाचा त्रास कमी होता, पण दोन गटांतलं अंतर सरासरी ४.९ गुणांचंच निघालं. रुग्णाला जाणवेल असा फरक साधारण ९ गुणांचा धरतात. म्हणजे औषधं नीट चालवलेल्या माणसाला ऑपरेशनने मिळणारा *जादा* फायदा सरासरीने मोठा नाही. रोज ऑपरेशनगृहात असूनही माझं मत सावकाश जाण्याचं आहे, ते यामुळे.

दगडफूल

रानवारा, आकडा मान्य, पण तो सरासरीचा आहे. सरासरीत कुणाला तीस गुणांचा फायदा होतो आणि कुणाला काहीच होत नाही, दोघं एकमेकांत मिसळून जातात. वर्षाला तीन स्टिरॉइड कोर्स लागणारी बाई या सरासरीत कुठे बसते?

आणि आडवाट, पॉलिप *दिसणं* आणि *त्रास होणं* यात फरक आहे. दुर्बिणीतून बघितलं तर माझ्याही डाव्या बाजूला एक छोटा कोंब परत आला आहे. मला त्याचा पत्ताही नव्हता. त्या अभ्यासात जवळजवळ दोन तृतीयांश लोकांना १२ वर्षांत दुसरं ऑपरेशन लागलं नाही, हे तुमच्याच आकड्यातून निघतं. बारा वर्षं नीट झोप मिळणार असेल तर मी त्याला अपयश म्हणणार नाही.

दिरांचंही विचारून घ्या. नुसते लोंबणारे पॉलिप ओढून काढले होते की आतल्या सायनसची दारं व्यवस्थित उघडली होती? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसते काढले तर लवकर परत येतात. दारं उघडली की नाक धुण्याचं पाणी आणि औषध आत पोचायला लागतं, आणि ऑपरेशनचा खरा उपयोग तोच आहे.

आडवाट

शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं, आणि तेच मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, ऑपरेशन झालं, आता सुटलो. चार महिन्यांत स्प्रे बंद केला, नाक धुणं बंद केलं. चूक माझीही होती. पण म्हणूनच म्हणतो, ऑपरेशननंतरही स्प्रे आणि धुणं कायम चालवायचंच आहे, तर ते आधी मनापासून करून बघायला काय हरकत आहे?

मुचकुंद

पाऊलवाट, एकच प्रश्न. स्प्रे नेमका कसा मारता?

पाऊलवाट

मान वर करून, नाकात सरळ आत, आणि मग जोरात ओढून घेते. मधल्या पडद्यातून रक्त यायचं, त्यामुळे तसे दिवस सोडते. खरं सांगायचं तर नाक फार बंद झालं तरच मारते. आठवड्यातून तीन-चार दिवस होत असेल.

मुचकुंद

मग तुमचे आठ महिने मी धरतच नाही. रागावू नका, मीही दोन वर्षं हेच केलं.

डोकं किंचित पुढे झुकवायचं. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, म्हणजे बाटलीचं तोंड आपोआप नाकाच्या बाहेरच्या भिंतीकडे, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेला वळतं. पडद्यावर मारला की रक्त येतं आणि औषध नको तिथे पडतं. मारल्यावर हळू श्वास, जोरात ओढलं तर सगळं घशात उतरतं. आणि रोज, बरं वाटलं तरी. हा काही बंद नाक तासाभरात उघडणारा थेंब नाही, याचा निकाल आठ ते बारा आठवड्यांनी लागतो. (ते झटपट उघडणारे थेंब वापरत असाल तर थोड्याच दिवसांत थांबवा, जास्त दिवसांनी तेच नाक चोंदवतात.) स्प्रेतलं स्टिरॉइड गोळ्यांसारखं अंगात भिनत नाही. मोमेटासोन या स्प्रेतल्या स्टिरॉइडचा रक्तात जाणारा भाग एक टक्क्याहूनही कमी असतो.

स्प्रेच्या आधी नाक धुवा. २४० मिली कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्डच हवं, नळाचं थेट कधीच नको. त्यातून अमीबाचा जीवघेणा संसर्ग झाल्याची उदाहरणं आहेत.

शेवंती

इंजेक्शनांबद्दल कुणीच लिहिलं नाही?

रानवारा

लिहिते. ड्युपिलुमॅबला अमेरिकेत पॉलिपसाठी २०१९ मध्ये मान्यता मिळाली. नंतर ओमॅलिझुमॅब, मेपोलिझुमॅब आली. सुजेचे जे रासायनिक निरोप अस्तराला मिळत असतात, तेच ही औषधं अडवतात. ड्युपिलुमॅब दर दोन आठवड्यांनी टोचायचं असतं, आणि वास परत येण्यात त्याचा उपयोग चांगला दिसला आहे. पण थांबवलं की त्रास पुन्हा डोकं वर काढतो, आणि खर्च बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचा आहे. युरोपमधल्या तज्ज्ञांनी २०२० मध्ये जी चौकट आखली तीत ही औषधं मुख्यतः एकदा ऑपरेशन होऊनही आजार न आवरलेल्यांसाठी आहेत. आडवाट, तुम्ही याबद्दल जरूर विचारा. पाऊलवाट यांच्यासाठी मी आत्ता तिकडे जाणार नाही.

आडवाट

पुढच्या तपासणीला विचारतो. धन्यवाद.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल डॉक्टरांशी पुन्हा बोलले आणि स्प्रे कसा मारते ते त्यांच्यासमोर करून दाखवलं. त्यांनी हात धरून दिशा बदलून दिली. वेदनाशामकांनी मला काही होत नाही, तेही सांगितलं. दिरांना विचारलं, त्यांचे नुसते पॉलिप काढले होते.

ठरवलं ते असं. स्नॉट-२२ आज भरली, ५८ आले. बारा आठवडे रोज धुणं आणि स्प्रे, एकही दिवस न चुकवता. मधल्या काळात गोळ्यांचा चौथा कोर्स घ्यायचा नाही, असं डॉक्टर आणि मी मिळून ठरवलं. बारा आठवड्यांनी पुन्हा यादी भरायची. गुण चाळिसाच्या खाली आले नाहीत किंवा वास अजिबात परतला नाही, तर ऑपरेशन, आणि तेही सायनस उघडण्याचं. तारीख आताच घेऊन ठेवली आहे, म्हणजे मी टाळत बसणार नाही.

दगडफूल

बारा आठवडे मला अजूनही जास्त वाटतात. दोन वर्षं वास नाही आणि रात्रीची झोप नाही, एवढं तुमचं भोगून झालं आहे. पण तारीख घेतलीत, आता मी अडवत नाही. फक्त गॅसगळती ओळखणारा अलार्म बारा आठवडे थांबवू नका. ऑपरेशन झालं तरी वास परत येईलच असं नाही, आणि आला तरी टिकेल याची खात्री नसते. धुराचाही अलार्म घ्या. डब्यांवर तारखा लिहून ठेवा, आणि शिळं झालं का हे मुलाला हुंगायला सांगा.

पाऊलवाट

दोन्ही अलार्म आज लावले. गॅसचा ओट्याजवळ, कारण आमच्याकडे सिलिंडर आहे आणि तो गॅस हवेपेक्षा जड असल्याने खालच्या बाजूला साठतो, म्हणून जमिनीपासून वीतभर उंचीवर. धुराचा छताला. मुलाने बटण दाबून दोन्ही वाजवून बघितले.